छापलेला देव

सालेकसाच्या जंगलपट्टीतल्या आपल्या गावातून मॅट्रिक झालेला चैतराम मडावी हा पहिलाच मुलगा. १९४५ च्या जुलैत तो गोंदियाच्या एका नव्या, लहानशा कॉलेजात आर्ट्सला दाखल झाला. कॉलेज म्हणजे राईस मिलच्या मागचं भाड्याचं घर. वर्गात नऊ मुलं. इतिहास, तर्कशास्त्र, मराठी आणि इंग्रजी एवढेच विषय होते.

चैतरामची फी माफ झाली ती इतिहासाचे प्राध्यापक मुंडले यांच्या शब्दावर. माफी एका वर्षाची होती. पुढल्या वर्षी पुन्हा त्यांनीच शिफारस करायची होती.

मुंडले सर माणूस प्रेमळ. दर रविवारी चैतरामला घरी बोलवायचे, आपल्यासमोर खुर्चीवर बसवायचे, पोहे खाऊ घालायचे, मग वही उघडायचे. धान कापताना तुमच्याकडे काय गातात? मोहाच्या झाडाला गोंडीत काय म्हणतात? चैतराम सांगायचा आणि सर लिहून घ्यायचे. मंगलीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या तोंडची गाणी कुणी कागदावर उतरवतंय हे पाहून सुरुवातीला त्याचा ऊर भरून यायचा.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सरांनी विचारलं, "तुमच्या कुळाचा देव कोणता? त्याची कथा काय?"

"ते वडिलांना विचारावं लागेल, सर."

"विचार. लेखात तेवढंच राहिलंय."

सुट्टीत घरी गेल्यावर त्याने वडिलांना विचारलं. बिसराम दोरी वळत बसला होता. त्याचे हात थांबले नाहीत.

"त्यायले काऊन पाहिजे?"

"लेख लिहून राहिले."

"लिहू दे. धानाचं लिहू दे, मोहाचं लिहू दे. देवाचं नाव गोताबाहेर जात नाई. तुले मालूम हाये, तरी विचारून राहिला?"

चैतराम परत आला आणि सरांना म्हणाला, वडील सांगत नाहीत. सर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "चैतराम, तुझ्यासाठी मी प्रिन्सिपॉलांशी भांडलो. म्हटलं, या मुलामुळे कॉलेजचं नाव होईल. हा लेख नागपूरला छापून आला की पुढल्या वर्षी तुझ्या अर्जाला कोणी नाही म्हणणार नाही. पण देवाशिवाय लेख पांगळा आहे."

सरांनी पेन उघडलं. खिडकीतून मिलच्या मागचा कोंड्याचा ढीग दिसत होता. चैतराम त्याच्याकडे बघत म्हणाला, "कोंडामाय."

मग एकामागून एक शब्द येत गेले. सात भावांची बहीण होती. भाऊ तांदूळ खायचे, तिला कोंडा द्यायचे. एकदा दुष्काळ पडला, तेव्हा तिने साठवलेल्या कोंड्याने गाव जगवलं, आणि नाल्यावर पाणी प्यायला गेली ती तिथेच दगड होऊन बसली. नाल्यावर दगड होता, तेवढं खरं. गावच्या बाया त्याच्यावर टाचा घासायच्या.

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

डिसेंबरात लेख छापून आला. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा मुन्नालाल चैतरामच्या शेजारी बसायचा. तो दुसऱ्या दिवसापासून त्याला "आओ, कोंडामाय के बेटे" म्हणायला लागला. सहामाहीच्या पेपरात प्रश्न आला: कोंडामायेच्या कथेवरून त्या समाजातील स्त्रीचे स्थान स्पष्ट करा. चैतरामने चार पानं लिहिली. वर्गात सगळ्यात जास्त मार्क त्यालाच पडले. 

फेब्रुवारीत सर म्हणाले, "नागपूरहून दोन विद्वान येताहेत. तुझ्या गावाला जाऊ."

नको म्हणायला त्याला एकही कारण सापडलं नाही.

सालेकसा स्टेशनवरून दोन बैलगाड्या निघाल्या. सोबत जंगल खात्याचे रेंजर साहेब होते, त्यामुळे गावातली माणसं आधीच हात जोडून उभी होती. सरांनी बिसरामला नमस्कार केला आणि विचारलं, "दगड झालेली कोंडामाय कुठे आहे?"

बिसरामने मुलाकडे पाहिलं. चैतरामने मान खाली घातली. रेंजर म्हणाले, "अरे, बोल ना."

"हाये ना साहेब," बिसराम म्हणाला. "नाल्यावर हाये."

कसं कळलं कोण जाणे, पण तो नेमका त्याच दगडाकडे घेऊन गेला. दोन बाया तिथे पाय धूत होत्या, त्या पदर सावरून बाजूला झाल्या. सरांनी जोडे काढले. पाहुण्यांनी फोटो घेतले, एकाने नारळ फोडला. जाताना रेंजरांनी सगळ्यांना ताकीद दिली, "आजपासून यावर कोणी पाय ठेवायचा नाही."

गाड्यांना बैल जुंपेपर्यंत बाप-लेक नाल्यावर दोघंच राहिले.

"आपला देव झाकला तू," बिसराम म्हणाला. "तेवढं बरं केलं. पन आता हिले बी आपल्यालेच सांभाळा लागन."

गोंदियाला परतल्यावर तिसऱ्या दिवशी चैतराम सरांच्या घरी गेला. उंबऱ्यातच उभं राहून त्याने सांगून टाकलं. "सर, कोंडामाय नाही. मी रचली ती. इथे, तुमच्या खिडकीत बघून."

 मुंडले सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला याची भीती होतीच. मुलगा शिकला की त्याला आपल्या माणसांची लाज वाटायला लागते. पोरं चिडवतात ना तुला?"

"तसं नाही, सर."

"तुझ्या वडिलांनी स्वतः दाखवली, चैतराम. तुझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार."

 तर्कशास्त्राच्या तासाला चैतराम खोट्या आधारावरचं अनुमान कसं ओळखायचं ते शिकला होता. इथे काय मांडावं ते त्याला सुचेना.

उन्हाळ्यात तो घरी गेला. मंगली नाल्यावरून येत होती, आणि तिच्या बोटांना शेंदूर लागलेला होता.

"हे काय, माय?"

"धनवंताच्या पोराले ताप होता. उतरला."

"तो दगड हाये, माय. तू टाचा घासत होती त्याच्यावर."

"शिकलेले साहेब जोडे काढून पाया पडून गेले," मंगली म्हणाली. "ते कायले पडतीन उगीच?"

बिसराम ओसरीवर होता. त्याने ऐकलं आणि तो दोरी वळत राहिला.

जुलैत फी माफ झाल्याचा कागद हातात पडला. त्यावर मुंडले सरांची सही होती. पुढल्याच रविवारी सरांनी पोह्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली आणि कोरी वही उघडली.

"आता लेखाचं पुस्तक करायचंय. माणूस मेल्यावर त्याचा जीव कुठे जातो, असं तुमच्यात मानतात?"

गेल्याच वर्षी आजी वारली तेव्हा बिसरामने काय केलं, काय म्हटलं, ते सगळं चैतरामला आठवत होतं.

"मला माहीत नाही, सर."

"घाई नाही," मुंडले सर प्रेमाने म्हणाले. पेनचं टोपण उघडून ते त्याच्या तोंडाकडे बघत बसले.