चिलापीचं मडकं

बाळांनो, समजा तुमच्या गावच्या तळ्यात गळ टाकला की एकाच जातीचा मासा लागतो. काल तोच, आज तोच, उद्याही तोच. कोकणातल्या नांदगावजवळच्या एका वाडीत १९६१ साली असंच झालं होतं. चार वर्षांपूर्वी कोणीतरी बाहेरून चिलापी आणून तळ्यात सोडली. तिने बाकीच्या माशांची अंडी-पिल्लं खाल्ली आणि तळं बळकावलं. तिला चिखलाचा वास येई, म्हणून तिला घरात कोणी घेत नसे.

अकरा वर्षांच्या सुगंधाने मात्र ती आपल्या वांग्यांना खत म्हणून घालायची ठरवली. भात कापल्यावर बाबांनी तिला विहिरीजवळचा एक तुकडा दिला होता, पण अट घालून: "संक्रांतीपर्यंत फुलां इली नाय, तर झाडां उपटून मिरची लावतलंय." आणि वांगी तर वीतभर वाढून रुसून बसली होती. घरातलं सगळं शेण आधीच भातशेतीसाठी राखलेलं.

पहिल्यांदा तिने कच्चे मासेच मुळाशी पुरले. सकाळी पाहते तर कुत्र्यांनी वाफे उकरलेले, सात रोपं आडवी. तिने हे सांगितलं तेव्हा शाळेतले श्रीपाद गुरुजी हसले नाहीत. मासा आधी गूळ-पाण्यात कुजायला हवा, म्हणाले. मग तिने मासे कापून गूळ-पाण्यासकट मडक्यात भरले, तोंडाला फडकं बांधलं, मडकं गोठ्यात ठेवलं आणि रोज एकदा ढवळत वीस दिवस काढले. एकविसाव्या दिवशी ते पाणी पातळ करून अर्ध्या रोपांना घातलं.

चौथ्या दिवशी त्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या.

आता तिचं डोकं फिरलं. तरातरा गोठ्यात जाऊन तिने मडक्यातला तुकडा काढला. वीस दिवसांचा मासा, पण घट्टच्या घट्ट. तिने बोट जिभेला लावलं आणि थुंकली. खारट!

घरात मिठाला हात घालणारी एकच, बाबांची थोरली बहीण अक्का. तिचा जन्म मालवणच्या किनाऱ्यावर सासरी मासे खारवण्यात गेलेला. विचारल्यावर तिने लपवलं नाही.

"तुझो मासो कुसत होतो गो. म्हणान दोन मुठी मीठ घातलंय."

"माका तो कुसवूचोच होतो, अक्का!"

अक्का गोंधळली. सासरी माडांच्या मुळाशी खारे मासेच घालत, नि नारळ कसे लागत, ते ती सांगू लागली. खोटं नव्हतं ते. माडाला मीठ सोसतं, वांग्याला नाही. पण हे अक्काला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. सुगंधाला रडू येत होतं, आणि रागवावं तर कोणावर?

तिने बोटांवर हिशेब केला. संक्रांतीला उरले होते अठरा दिवस, मडक्याला लागायचे वीस, वर फुलं यायला आणखी. बाबांकडे थोडे दिवस जास्त मागितले, तर ते म्हणाले, अट ती अट.

दुपारभर तिने करपलेल्या वाफ्यांत कळशीमागून कळशी साधं पाणी ओतलं, मीठ खाली वाहून जावं म्हणून. मग जाळी घेऊन तळ्यावर गेली आणि टोपलीभर चिलापी घेऊन आली. तुकडे बारीक केले आणि मडकं चुलीच्या उबेला ठेवलं, तर मासा लवकर कुजेल, असं तिला वाटलं. आणि मासे अक्काइतके बारीक आणि भराभर कापणारं वाडीत कोणी नव्हतं.

तिने विळी अक्कापुढे ठेवली, टोपली जवळ सरकवली, आणि स्वतः मिठाच्या बरणीवर हात ठेवून बसली.