तीन प्रवेश आधी

भांडण हौदावरून झालं. हौद म्हणजे हवा भरायचा, रबरी, निळा, त्यावर डॉल्फिन छापलेले. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या सोसायटीत भाद्रपदात बी ब्लॉकातली मराठी मंडळी त्यात गणपती विसर्जन करायची आणि कार्तिकात सी ब्लॉकातल्या बिहारी बायका त्याच हौदात गुडघाभर पाण्यात उभ्या राहून छठचं अर्घ्य द्यायच्या. डॉल्फिन दोन्ही वेळा सारखेच हसायचे. मग एका वर्षी हौदाला भोक सापडलं. गणेश मंडळाचे अध्यक्ष पद्माकर म्हणाले, छठच्या उसाचं टोक लागलं. छठ समितीचे झाजी म्हणाले, मखराचा खिळा लागला. पंक्चरवाल्याने ते भोक एक चहा होईस्तोवर बुजवलं असतं, पण मग पुरावा नष्ट झाला असता. म्हणून हौद घडी घालून ऑफिसातल्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि दोन्ही ब्लॉकांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं.

त्या बोलण्यात साधना आणि नूतन यांचंही बोलणं गेलं.

साधना ही पद्माकरांची बायको आणि नूतन झाजींची. त्याआधी कित्येक वर्षं दोघी रोज संध्याकाळी सोसायटीला फेऱ्या मारायच्या. एक मराठीत विचार करून हिंदीत बोलायची, दुसरी मैथिलीत विचार करून हिंदीत बोलायची, त्यामुळे मधली हिंदी कुणाचीच नव्हती आणि दोघींना छान समजायची. साधनाचं एक होतं, तिला सारखी ठेच लागायची. फुटपाथ, पायरी, कुंडी, काहीही. आणि ठेच लागली की तोंडातून निघणार, "आई गं!" नूतन पहिल्यांदा ते ऐकून मागे वळून बघत राहिली होती. "कौन आई, दीदी?" अर्थ कळल्यावर इतकी हसली की तिलाच बाकावर बसवावं लागलं. मग तो रिवाजच झाला. साधना ठेचकाळली, "आई गं" म्हणाली की नूतन पदर सावरून पुढे यायची. "लीजिए, आ गई. बोलिए, क्या काम है?"

भांडणानंतर पहिले काही दिवस दोघी नवऱ्यांसाठी गप्प राहिल्या. पुढे, इतके दिवस गप्प राहिलो आता बोलायचं काय, या लाजेने राहिल्या. साधनाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार्किंगपलीकडे नूतनची खिडकी दिसायची. तिकडे कुकरची शिट्टी झाली की साधनाचा हात आपल्या गॅसच्या बटणाकडे जायचा. पद्माकर विचारायचे, "अगं, भात शिजला नाही अजून, बंद काय करतेस?"

आणि मग डिसेंबरात दुधाच्या बूथवर कुणीतरी कुणाला तरी सांगताना साधनाने ऐकलं. झाजींनी फ्लॅट विकला. हैदराबादला मुलाकडे जाणार. छब्बीस जनवरीनंतर लगेच.

साधना दूध न घेता घरी आली. पद्माकरांनी काळा चहा प्यायला आणि थंडीत तोच बरा असतो असं स्वतःच ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात मृणाल आली. मृणाल बी ब्लॉकात भाड्याने राहायची, दिल्लीतच वाढलेली, नाटकातून तुटलेले समाज जोडायचा कोर्स करून आली होती आणि जोडायला जवळपास तुटलेलं काही शोधत होती.

"काका, छब्बीस जनवरीला दोन्ही ब्लॉकांचं एक नाटक करूया. कम्युनिटी थिएटर. त्यातून आपण लोकांना शिक्षा देऊ."

"त्यांना?" पद्माकरांनी पेपर खाली ठेवला.

"बिल्कुल, सगळ्यांना. अच्छी शिक्षा."

"मग मी तयार आहे."

स्वयंपाकघरात साधनाला कळलं होतं, पोरीला शिक्षण म्हणायचंय. तिने मुद्दाम दुरुस्त केलं नाही. बाहेर येऊन एवढंच विचारलं, "नाटकात झाजींकडून कोण कोण आहे?"

"नूतन आंटी आहेत ना. तुमचा आणि त्यांचा एक सीन आहे काकू. शेवटी. गाववाले भांडण विसरतात आणि तुम्ही दोघी बाकावर बसून बोलता."

साधनाने आयुष्यात नाटकात काम केलं नव्हतं. शाळेत एकदा झाड झाली होती. ती म्हणाली, "मी करते."

मूळ नाटकात गावातल्या विहिरीवरून भांडण होतं. पाण्याचा विषय नको, असं दोन्ही बाजूंनी कळवलं. म्हणून विहिरीच्या जागी बाक आला. गाव आता बाकाचं पाणी पीत नव्हतं इतकाच फरक, बाकी संवाद तेच राहिले. पद्माकर सरपंच. झाजीही सरपंच, कारण एकाला केलं तर दुसरा येणार नव्हता. तालमीला कोण कुणाच्या ब्लॉकात जाणार, यावर मात्र तोडगा निघाला नाही. तेव्हा बी ब्लॉकाची तालीम पद्माकरांच्या हॉलमध्ये मराठीत, सी ब्लॉकाची योगा रूममध्ये हिंदीत आणि मृणाल मफलर सांभाळत मधल्या पार्किंगमधून धावत.

"सगळं एकत्र कधी बसवणार?" साधना रोज विचारायची.

"डायरेक्ट शोला, काकू. फ्रेश राहील."

साधना आंघोळीनंतर तो शेवटचा सीन आरशापुढे म्हणायची. "बहन, बैठो. ये बाक तुम्हारा भी है." इतकं भिकार वाक्य तिने उभ्या आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. पण आता नूतनशी बोलायला परवानगी मिळालेलं तेवढं एकच वाक्य होतं. ते ती जपून म्हणायची, झिजेल म्हणून.

छब्बीस जनवरीला झेंडावंदन झालं, लाडू वाटले आणि कोवळ्या उन्हात शाली गुंडाळून, शेंगा सोलत दोन्ही ब्लॉक बसले. मधे रिकाम्या खुर्च्यांची एक ओळ होती. तिथे कुणी बसलं की दोन्हीकडून त्याच्याकडे संशयाने बघत.

पहिला प्रवेश साधनाचा. गावातली म्हातारी येते, तिला बाकाची ठेच लागते, ती कळवळते आणि निघून जाते. मृणालने हे साधनासाठी खास लिहिलं होतं, कारण ते तिला शिकवावं लागलं नव्हतं.

साधना आली. ठरवून हळूच लाथ मारायची होती, पण बाक सोसायटीचा होता, लोखंडी पायाचा. खरीच लागली. अंगठ्यातून कळ थेट डोक्यात गेली.

"आई गं!"

आणि सी ब्लॉकाच्या विंगेतून नूतन आत आली.

हातात पिशवी, खांद्यावर शाल, तीन प्रवेश आधी. योगा रूममध्ये तिला शिकवलं होतं, 'बस आई' असं ऐकू आलं की यायचं, बसमधून उतरल्यासारखं. "आई" कानावर पडलं आणि ती उतरली. विंगेत मृणालने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दोघी समोरासमोर. साधनाला "बहन, बैठो" म्हणायचं होतं. वाक्य कुठे गेलं देव जाणे.

"लग गई?" नूतनने विचारलं.

"नहीं."

"झूठ मत बोलिए, दीदी. वही अंगूठा ना?"

साधना अंगठा धरून बाकावर बसली. नूतनने पिशवी ठेवली, शेजारी बसली, तिचा पाय सरळ उचलून मांडीवर घेतला आणि अंगठा चोळायला लागली. प्रेक्षकांना वाटलं, काय अभिनय आहे.

"तुम हमको देखके नहीं आयी," साधना हळू म्हणाली. "गलती से आयी."

"आपने बुलाया, हम आ गए. इसमें गलती कहाँ है?"

पलीकडे नाटक आपल्या वाटेने पुढे चाललं होतं. दोन्ही सरपंच येऊन बाकावरून भांडले. बाकावर दोन बायका बसलेल्या आहेत हे न दिसल्यासारखं करून त्यांना भांडावं लागलं, आणि ती सवय दोघांनाही होती. मग कंडक्टर झालेला बी ब्लॉकातला हेरंब ओरडला, "बस आई!" कुणी उतरलं नाही. पुन्हा ओरडला, "बस आई!" उतरणारी बाई बाकावर बसून दुसरीचा अंगठा चोळत होती. शेवटी झाजींनी प्रसंग सांभाळला.

"लगता है, खाली आई!"

पद्माकर चाळीस वर्षं दिल्लीत होते. 'खाली' म्हणजे रिकामी, हे त्यांना झोपेतही कळलं असतं. पण घाबरलेला माणूस मातृभाषेत ऐकतो. सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटून ते गुमान स्टेजवरून खाली गेले. गेल्यावर चूक कळली, तर गुडघा वर चढेना. सरपंच स्टेजखाली, फेट्याचं टोक तेवढं वर. झाजींनी इकडेतिकडे बघितलं आणि हात पुढे केला. पद्माकरांनी तो बराच वेळ बघितला. मग धरला.

दोन्ही ब्लॉकांनी टाळ्या वाजवल्या. हा सीन कुणी लिहिला, असं पुढे बरेच जण मृणालला विचारायचे. ती "सामूहिक निर्मिती" म्हणायची.

बाकावर साधनाला यातलं काही दिसलं नाही.

"कब जाना है?"

"इतवार को."

"वहाँ चलने को जगह है क्या?"

"छत है, बोला बेटा. गोल-गोल घूमेंगे." नूतन अंगठ्याकडेच बघत होती. "अकेले."

साधनाने हिंदीतलं वाक्य शोधलं. सापडलं नाही. जे होतं ते म्हणाली, "नका ना जाऊ."

नूतनचे हात थांबले.

"हमको मराठी नहीं आती, दीदी," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

इतवारी टेम्पो आला. झाजी आणि पद्माकर तो कुठे लावायचा यावरून भांडले, म्हणजे संबंध पूर्ववत झाले होते. हौद ऑफिसातून बाहेर आला, पंक्चर काढलं. नूतन गाडीत बसली. काच वर होती. तिने आतून काहीतरी म्हटलं. साधना "हो हो" म्हणाली.

सी ब्लॉकातल्या त्या खिडकीत आता कुणी नवीन आलंय. त्यांचा कुकर वेगळ्याच आवाजात वाजतो.

परवा दुपारी साधनाला दिवाणाच्या कोपऱ्याची ठेच लागली. तोच अंगठा.

"आई गं!"

आतल्या खोलीतून पद्माकरांचा आवाज आला, झोपेतला. "कोण आली?"

साधनाने एकदा दाराकडे बघितलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "झोपा तुम्ही."