रुपयाला सहा शेर

“अभिप्राय मागितला नव्हता, भटू. आकडा मागितला होता.” मामलेदारांनी कागद परत सरकवला.

भटू तालुक्याच्या कचेरीत बाजारभावाचा कारकून. दर आठवड्याला म्हसावदच्या बाजारात जायचं, धान्याचे भाव विचारायचे, पत्रकात भरायचे. अठरा वर्षं तो हेच करत आला होता. लढाई लागली, महागाई भडकली आणि सरकारनं ज्वारीचा भाव बांधला: रुपयाला सहा शेर. त्याहून महाग विकणारा गुन्हेगार, घेणाराही गुन्हेगार. महिन्याभरात बाजारातली ज्वारी नाहीशी झाली. सातपुड्यापलीकडे संस्थानाच्या हद्दीत भाव मोकळा होता. बैलगाड्या तिकडं वळल्या. भटूनं हे सगळं लिहून दिलं होतं. भाव थोडा सैल करा, नाहीतर सरकारनंच दाणा आणून विकावा. नुसता बांधलेला भाव कुणाच्या पोटात जात नाही.

“मग माल नाही, असं लिहू?” त्यानं विचारलं.

“तसं लिहिलं की हुकूम फसला असं होतं. वरचे मलाच जाब विचारतील.” मामलेदार वाईट माणूस नव्हते, त्यांचा आवाज थकलेला होता. “सहा शेर लिहा.”

भटूनं लिहिलं. खाली सही केली.

पुढच्या बाजारी डोंगरातून रूपलीबाई उतरली. ती डिंक विकायला येई. भटू तिला कितीतरी वर्षं ओळखत होता. डिंकाचा रुपया मुठीत धरून ती सकाळपासून दुकानं फिरली. सगळीकडं रिकामी पोती. दुपारी ती भटूपुढं येऊन उभी राहिली.

“भाऊ, कोनीच देस नही. घर दोन पोरी शेतस. मोहाना फुलं उकाळी खाई ऱ्हायनूत.”

भटूनं इकडंतिकडं पाहिलं. “रतिलालशेठना मांगला दारे जाय,” तो हळूच म्हणाला. “मन्हं नाव सांग.”

शेठच्या दुकानाच्या मागल्या दारातून रुपयाची तीन शेर ज्वारी पदरात बांधून ती निघाली आणि गावाबाहेर शिपायानं तिला अडवलं. कितीला घेतली ते तिनं सांगून टाकलं. कुणाकडून, ते मात्र सांगितलं नाही. शेठचं नाव घेतलं नाही, भटूचंही नाही.

खटला मामलेदारांपुढंच उभा राहिला. साक्षीला भटू, हातात त्या दिवसाचं पत्रक.

“त्या दिवशी भाव काय होता?” पोलीस जमादारानं विचारलं.

“पत्रकात सहा शेर आहे.”

“सही तुमचीच?”

“हो.”

“म्हणजे बाजारात सहा शेरानं ज्वारी मिळत होती. तरी हिनं तीन शेरानं घेतली.”

“मिळत नव्हती.” भटूला स्वतःचाच आवाज परका वाटला. “साहेब, बाजारात दाणाच नव्हता. हा आकडा खोटा आहे. मागल्या दारी तिला मीच पाठवलं.”

मामलेदारांनी पत्रक बाजूला सरकवलं. “साक्षीदारानं विचारल्यापुरतंच बोलावं,” ते म्हणाले. जबानी लिहिणाऱ्यानं शेवटची वाक्यं उतरवलीच नाहीत.

मग रूपलीबाईला विचारलं.

“तीन शेर लिधी,” ती म्हणाली. “खोटं कसाले सांगू?”

पाच रुपये दंड, नाहीतर पंधरा दिवस कैद. ज्वारी सरकारजमा.

दंड भटूनं भरला आणि पावती तिच्या हाती दिली. कचेरीच्या पायरीवर उभी राहून ती तो कागद उलटसुलट करत होती. शिक्क्यावरून तिनं बोट फिरवलं.

“भाऊ, हाऊ कागद दखाडा का जवारी भेटी ना?”

भटूच्या स्वतःच्या घरी बायको, तापीबाई, चार दिवस शेजारून उसनं पीठ आणत होती.

“नही, बाई. त्यावर काही भेटाव नही.”

“मंग कोठे भेटी?”

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

मग कागदाची चौपदरी घडी घातली आणि त्याच्या हातावर ठेवली.

“मंग तूच ठेव,” ती म्हणाली, आणि मोकळा पदर कमरेला खोचून उन्हातून डोंगराच्या वाटेला लागली.