भिंतीकडची बाजू

मित्रांनो, तुमच्या वर्गात जो पांढरा पडदा ओढून चित्रं दाखवतात, त्याच्या मागे मी आहे. मी एक जुना फिरता फळा आहे. फिरता होतो, असं म्हणायला हवं.

सुताराने मला जाड लाकडी चौकटीत बसवलं आणि दोन्ही कडांना लोखंडी खुंट्या दिल्या. जरासा धक्का दिला की मी गर्रकन उलटायचो आणि मागची बाजू पुढे यायची.

माझ्या खोलीत तत्त्वज्ञानाच्या बाई आणि गणिताचे सर शिकवत. दोघं सख्खे बहीणभाऊ, बाई थोरल्या. मुलांसमोर त्या भावाला 'सर' म्हणत आणि मुलं बाहेर पडली की 'धाकट्या'. माझी एक बाजू बाईंची, दुसरी सरांची, ही वाटणी कधीच मोडली नाही. बाई घरी जाताना आपल्या बाजूवर काहीतरी लिहीत आणि मला उलटवून जात. सकाळी सर मला फिरवून ते वाचत आणि आपल्या बाजूवर उत्तर देत.

एकदा बाईंनी लिहिलं, 'पाहणारा आणि पाहिलेलं ही दोन वेगळी, की एकाच गोष्टीच्या दोन बाजू?' सरांनी उत्तरादाखल दोन वाक्यं मांडली. दोन बिंदूंतून एक रेषा जाते. समांतर नसलेल्या दोन रेषा एका बिंदूत मिळतात. बिंदूच्या जागी रेषा आणि रेषेच्या जागी बिंदू घातला तरी खरेपणाला धक्का लागत नाही. ते वाचून बाईंनी मला दोनदा उलटसुलट फिरवून पाहिलं.

वाद मात्र हटकून व्हायचा. सरांनी पूर्वजाची व्याख्या लिहिली होती: पूर्वज म्हणजे आपले आईवडील, किंवा त्यांचा पूर्वज. व्याख्येत तोच शब्द पुन्हा आला, हा धडधडीत दोष आहे, असं बाई म्हणाल्या. सर म्हणाले, 'आईवडील' या शब्दापाशी ती थांबते, म्हणून चालते. संगणकही अशीच कामं करतो, स्वतःच स्वतःला हाक मारून. ते दाखवायला त्यांनी मुलांना आणि बाईंना संगणकाच्या खोलीत नेलं आणि गडबडीत नेमकी थांबायची अटच लिहायला विसरले. यंत्र गोठलं. माझ्याकडे परत येईपर्यंत बाईंचं हसू आवरत नव्हतं.

त्यातून दोघांनी मिळून एक तास सुरू केला. मुलं खिडकीच्या कट्ट्यावर दाटीवाटीने बसायची. माझे ते सोन्याचे दिवस होते.

मग प्राचार्यांनी ठरवलं की तत्त्वज्ञान बंद करायचं आणि खोली संगणक विभागाला द्यायची. विभागप्रमुख म्हणून त्यांनी सरांचं नाव घेतलं. बैठक झाली त्या दुपारी बाई आल्या. सर माझ्यासमोरच होते.

"तू बैठकीत काय बोललास?"

"काहीच बोललो नाही, ताई."

"म्हणजे हो म्हणालास."

बाई निघून गेल्या. सर आधीच कोऱ्या असलेल्या मला डस्टरने पुसत राहिले.

शेवटच्या दिवशी बाई एकट्या आल्या. त्यांनी खडू घेतला आणि आपल्या बाजूवर सावकाश लिहिलं, 'भाऊ म्हणजे काहीही झालं तरी जो भाऊच राहतो, तो.' जन्मभर ज्याला दोष म्हटलं, तसली व्याख्या त्यांनी स्वतःच लिहिली, आणि तीही न थांबणारी. नेहमीसारखं मला उलटवून त्या गेल्या.

बाई येऊन गेल्याचं शिपायाने सरांना सांगितलं. सरांचा हात माझ्या चौकटीपर्यंत आला आणि मागे गेला. मागे शिव्याशाप असणार, अशी त्यांची खात्री होती. त्यानंतर त्यांनी मला एकदाही फिरवलं नाही.

सुट्टीत सुतार आला. पडद्याला आधार म्हणून मला भिंतीला ठोकायचं होतं. मागचं पुसायचं का, असं त्याने विचारलं. "राहू दे," सर म्हणाले आणि खोलीबाहेर गेले. माझ्या खुंट्या काढून चारही कोपऱ्यांत स्क्रू पिळले गेले.

सर निवृत्त झाल्यावर बऱ्याच काळाने एकदा आले. दाढी वाढलेली होती. बाई आदल्या आठवड्यात वारल्या होत्या; दोघं त्या दुपारनंतर एकमेकांशी बोललेच नव्हते. हा फळा जरा उतरवून द्या, अशी विनंती त्यांनी नव्या विभागप्रमुखांना केली. सुताराने पाहून सांगितलं की स्क्रू गंजलेत, ओढलं तर फळा तुटेल आणि वरून गेलेल्या वायरीही उखडतील. "सर, इतक्या वर्षांत मागे काय उरलं असणार?" विभागप्रमुख अदबीनेच म्हणाले. सरांनी माझ्यावर तळहात टेकवला. ते त्यांच्याच बाजूला टेकले होते. बाईंची ओळ त्यांच्या हातापासून फळीच्या जाडीएवढ्या अंतरावर होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण फळ्याला लिहिलेलं जपता येतं, वाचून दाखवता येत नाही. सर पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी काही लिहून ठेवलं असेल, तर ते कडू असेल या भीतीने टाळू नका. कडू निघालं तरी वाचा. माझ्यासारख्याच्या खुंट्यांना तेल द्या, आम्हाला फिरतं ठेवा. माझ्यासाठी आता कोणी काही करू शकणार नाही. वर पंखा सुरू झाला की भिंत थरथरते आणि माझ्या मागे थोडा खडू झडतो. तो कुठल्या शब्दाचा आहे, हे आता मलाही ओळखता येत नाही.