सशाची ओळखपरेड

विषाणू पकडणारी पट्टी तयार झाल्याचं प्रयोगशाळेच्या सरांनी परस्पर जाहीर करून टाकलं, तेव्हा चिमटीने कपाळावर हात मारून घेतला. प्रत्येक निकालाला चिमटे काढते म्हणून हे नाव सरांनीच ठेवलेलं. राबायची ती, मिरवायचे सर. आणि छापून येणाऱ्या शोधलेखात तिचं नाव कुठे? शेवटच्या आभारांत, फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. आपल्या कामावर एकदा तरी आपलं नाव लागावं, एवढंच तिला हवं होतं.

विषाणूच्या प्रथिनाचा एक चिमुकला तुकडा यंत्रावर बनवून घेतला होता. एवढ्याशा तुकड्याला सशाचं शरीर भीक घालत नाही, म्हणून तो गायीच्या रक्तातल्या एका धिप्पाड प्रथिनाला चिकटवून सशाला टोचला. सशाच्या रक्तात परक्याला ओळखून चिकटणारी प्रतिपिंडं तयार झाली, ती पट्टीवर चढली आणि विषाणूचा थेंब पडताच पट्टी जांभळी व्हायला लागली. सर हरखून गेले. सशाने नेमकं कुणाला ओळखलंय, हे विचारायला सवड कुणाला होती?

“सर, विषाणू ज्या पेशींवर वाढवतो, त्यांना आपण गायीच्याच रक्तातलं सीरम घालतो, त्यातही ते प्रथिन असतंच,” ती म्हणाली. “विषाणू नसलेला नमुनाही एकदा लावून बघू या की.”

“विषाणूच नाही, तर काय डोंबल बघायचंय? झाले तुझे चिमटे सुरू!”

अनुदान देणारी मंडळी आली. चहा आला. सरांनी थेंब टाकला, पट्टी जांभळी झाली, टाळ्या पडल्या. फक्त एका वयस्कर बाईंनी चष्मा सावरला.

“विषाणू नसलेलं काहीतरी लावून दाखवा ना.”

“आत्ता हाताशी काही नाहीये, मॅडम.”

“आहे की!” चिमटी म्हणाली. आता तिला राहवेना. गायीचं ते प्रथिन दुधातही असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने चहाच्या ट्रेमधलं दूध उचललं आणि नव्या पट्टीवर थेंब टाकला.

पट्टी गर्द जांभळी झाली. मंडळींनी हातातले कप झटकन खाली ठेवले.

“घाबरू नका, दूध चांगलं आहे,” ती म्हणाली. “सशाने विषाणूला सोडून गाय ओळखलीय.”

सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळल्या. सरांचा चेहरा पांढराफटक पडला, पण क्षणभरच. मग त्यांनी घसा खाकरला, तिला पुढे बोलावलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं पूर्ण नाव, आडनावासकट, खणखणीत आवाजात घेतलं.

“हे सगळं काम,” सर म्हणाले, “हिचं एकटीचं आहे.”