दिवा आहे की काजवा

"दिवा आहे की काजवा हा?" उस्ताद हँडलवर वाकून पुटपुटले. पुटपुटले ते पलीकडे पान्यांच्या फळीपाशी उभ्या असलेल्या लेकीला नेमकं ऐकू जाईल इतक्याच आवाजात. हे कसब त्यांनी संसारात कमावलं होतं आणि गॅरेजमध्ये वापरत होते.

लेकीने हातातला स्क्रूड्रायव्हर फळीवर आपटला.

"काय म्हणालात?"

"तुला नाही. दिव्याला म्हणालो."

"दिवा मी लावलाय. त्याला बोललेलं मला लागतं."

"लागू दे. लागल्याशिवाय कुणी शिकत नाही."

बापलेकीचं बोलणं अलीकडे हे असंच चाललं होतं. जेवतानासुद्धा दोघं एकमेकांकडे मीठ मागायची ती आईच्या मार्फत. आणि सगळं त्या जुन्या मोटरसायकलवरून. ती उस्तादांची स्वतःची. घरात आधी ती आली, मग लेक, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आणि क्रम फक्त वयाचा नाही, हेही सांगायला विसरत नसत.

खरं तर भांडण सुरू झालं तेव्हा दिव्यात खोट होती. ती केली होती चकाचकने. चकाचक म्हणजे उस्तादांचा पुतण्या. रंग, पॉलिश आणि स्टिकर यांचं त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. काकांना खूश करायला त्याने अख्ख्या फ्रेमला असा जाड, गुळगुळीत रंग चढवला की त्यात तोंड दिसावं. दिसलं तोंड, पण उजवा इंडिकेटर दिला की हेडलाइट मिचमिचायला लागला आणि हॉर्न वासरासारखा हंबरायला लागला. लेकीने एका नजरेत ओळखलं. करंट वायरीतून जातो आणि फ्रेममधून बॅटरीकडे परत येतो. अर्थिंग म्हणतात ती हीच परतीची वाट. अर्थिंगचा बोल्ट बसला होता रंगावर, आणि रंगातून करंट जात नाही. वाट बंद झाली की तो शेजारच्याच्या परसातून घुसतो, हे तिला लहानपणी शिकवणारे उस्तादच. तिने बोल्टाखालचा रंग खरवडून धातू उघडा केला. दिव्याचं मिचमिचणं थांबलं. चकाचक मात्र आठवडाभर तोंड फुगवून बसला. "ताई, तू माझ्या कामावर पटाशी फिरवलीस," म्हणाला.

पण उस्तादांचं पालुपद संपेना. दिवा मंदच.

ती म्हणाली, "बाबा, गाडी जुनी. हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट इंजिनातल्या कॉइलच्या एसीवर आहे. इंजिन पळेल तसा उजेड. गाडी उभी राहिली की दिवाही बसतो. हे तुम्हीच सांगायचात लोकांना."

"पळवूनही मंद आहे."

इथे तिने थांबायला हवं होतं. थांबली नाही. तिने इंजिनचं झाकण उघडलं. कॉइलचं एक टोक आतल्या धातूला डकवून अर्थ केलेलं होतं, ते सोल्डर वितळवून सोडवलं, त्याला नवी वायर जोडली. दोन्ही टोकं बाहेर काढून रेक्टिफायरला दिली, म्हणजे एसीच्या येरझारा थांबून सगळा करंट एका दिशेने, डीसी होऊन बॅटरीत जावा. हेडलाइट बॅटरीवर घेतला. हेडलाइटला स्वतःची अर्थिंगची वायर ओढली, फ्रेमच्या भरवशावर ठेवलाच नाही. आता इंजिन मंद असो की बंद, दिवा एकसारखा जळे. तिने तो लावून पाहिला तेव्हा समोरच्या भिंतीवरचा प्रत्येक खिळा दिसला.

उस्तादांना दिसला नाही.

आणि परवा जेवताना, आईच्या देखत, त्यांनी सांगून टाकलं, "जिला एक दिवा नीट लावता येत नाही तिच्या हाती मी गॅरेज देणार नाही. किल्ली पुतण्याकडे जाईल." आईचा डाव भांड्यातच राहिला. लेक उठून हात धुवायला गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. शाळा सुटल्यापासून तिने दुसरं काही केलं नव्हतं. लग्न मोडलं तेव्हाही ती दुसऱ्या दिवशी कामावर होती. तिच्या केसांत पांढरं आलं ते याच शटरच्या आत.

घरात कुणाला कळत नव्हतं असं नाही. लाल आणि तपकिरी वायरींची गल्लत करून उस्तादांनी फ्यूज उडवला, तेव्हा "हल्ली वायरींना रंगच नीट देत नाहीत मेले" म्हणून आईनेच दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या. आई त्यांच्या वाटेतलं स्टूल पायाने अलगद सरकवायची. कपात चहा ओतायला किटली त्यांच्या हाती देतच नसे. चकाचकही बघत होता; त्याचं काय जातंय? आणि लेक? तिने तोंड उघडलं असतं तर जगाने काय म्हटलं असतं? गॅरेज मिळावं म्हणून बापाला आंधळं ठरवलं. त्यापेक्षा अख्खं वायरिंग उसवणं सोपं. तिने उसवलं. ज्या घरात सगळ्यांना सोल्डरिंग येतं आणि बोलायला कुणाला येत नाही, तिथेच असली चूक होऊ शकते.

आज निकाल होता. दिवस कलला होता. शटर अर्धं खाली ओढलेलं, गाडी मधोमध. आई दाराशी पिशवी घेऊन उभी, भाजीला निघालेली आणि न गेलेली. चकाचक वाकून आत आला, अंगाला अत्तर लावून, जणू साखरपुड्याला.

"ये रे," उस्ताद म्हणाले. "तू बघ. हिचं म्हणणं, सगळं बरोबर आहे."

"माझं नाही, मीटरचं," लेक म्हणाली. तिने दिवा लावला. मीटरची एक तार बल्बच्या टोकाशी, दुसरी बॅटरीच्या काळ्या टोकाशी टेकवली. "बारा व्होल्ट. पूर्ण पोचतोय." मग पहिली तार दिव्याच्या अर्थिंगवर धरली. "आणि इथे शून्य. म्हणजे परतीच्या वाटेत कुठे काही अडत नाहीये. अजून काय दाखवू?"

"तू वाचतेस ते खरं कशावरून?"



"मग तुम्ही वाचा," ती म्हणाली आणि मीटर पुढे केलं.

आपण हे काय केलं, हे तिला हात लांब झाल्यावर कळलं. पण हात मागे घेतला नाही. उस्तादांनी मीटर घेतलं. जवळ धरलं. लांब धरलं. अंगठ्याने काच पुसली.

"काच खराब झालीय याची," ते म्हणाले. "हत्यारं सांभाळायची अक्कल नाही, आणि गॅरेज पाहिजे!"

"अहो, संध्याकाळचा उजेडच कमी असतो," आई दारातून म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस, आई!" लेक कडाडली. "तुझ्या याच बोलण्याने..."

"बोल ना, बोल," उस्ताद म्हणाले. "आईवर ओरड. काम जमत नसलं की आवाज चढतो माणसाचा. काय रे, तू सांग. कसा आहे दिवा?"

चकाचक गाडीच्या पुढे गेला. दिव्याचा झोत थेट त्याच्या तोंडावर पडला. त्याने झटकन तळहात डोळ्यांवर धरला, मान वळवली आणि तशीच वळवलेली ठेवून म्हणाला, "मंदच आहे, काका. खोटं कशाला बोलू?"

"ऐकलंस?"

लेकीने ऐकलं. पाहिलंही. त्या पोराच्या गालावरची न कापलेली दाढीसुद्धा मोजता आली असती एवढा उजेड होता.

"लाज वाटत नाही तुला?" ती म्हणाली.

"ताई, मला विचारलं म्हणून सांगितलं. तुझ्यासारखं मला काका-काकूंना उलट बोलता येत नाही."

"पुरे," उस्ताद म्हणाले. त्यांनी खिळ्यावरचं हेल्मेट काढायला हात वर केला. हात आधी भिंतीवर पडला, मग खिळ्यावर. "मीच हायवेला एक फेरी मारून येतो. अंधारात कळेल काजवा किती उडतोय ते. आल्यावर किल्लीचं बघू."

"जा की काका," चकाचक म्हणाला. त्याने वाकून शटर वर ढकललं. "मी आहे इथे."

बाहेर सगळं करडं झालं होतं. समोरच्या रस्त्यावरून ट्रक एकामागून एक जात होते. उस्तादांनी पाय टाकून गाडी स्टँडवरून उतरवली आणि किक मारून सुरू केली. आईने पिशवी छातीशी घट्ट धरली.

लेक झोताच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पुढचं चाक तिच्या गुडघ्याला टेकलं.

"बाजूला हो."

"नाही."

"गॅरेज हवंय ना तुला? म्हणून अडवतेस?"

"किल्ली द्या त्याला," ती म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर द्या. मला नको."

उस्ताद तिच्या दिशेने बघत होते, तिच्या खांद्याच्या जरासं वर, जिथे कुणीच नव्हतं.

"मग काय हवंय तुला?"

तिने पुढे होऊन हँडलवरच्या बटणाने इंजिन बंद केलं. दिवा तसाच जळत राहिला, तसूभरही कमी न होता.

"दिवा चांगला आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही."