तिसऱ्या लेनमध्ये प्रयागबाई

लिंबू-चमच्याच्या यादीत आपलं नाव दिसलं आणि गोपिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"महादेवराव, मी शंभर मीटरचा फॉर्म भरला होता."

"हो ना वहिनी." कॉलनीच्या क्रीडा समितीचे सचिव महादेवराव शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. "पण तुम्ही नावामागे 'सौ.' लिहिलं. सौभाग्यवतींसाठी आपण लिंबू-चमचा ठेवला आहे, संगीत खुर्ची आहे. स्टीलचा डबा आहे बक्षीस!"

"डबे आहेत घरी. शंभर मीटर लिहा."

"पण तुमचं बाळ तर अजून..."

"आठ महिन्यांचं आहे. धावायचं मला आहे, तिला नाही."

महादेवराव हसले आणि त्यांनी खोडून 'शंभर मीटर' लिहिलं. गोपिकाला हसू आलं नाही. नागपुरात धरमपेठेतल्या कॉलेजात बी.ए. करताना ती शंभर मीटरला विद्यापीठात पहिली आली होती. राज्य स्पर्धेसाठी निवडही झाली होती, पण नेमका त्याच आठवड्यातला लग्नाचा मुहूर्त दोन्हीकडच्या मंडळींना सोयीचा पडला. तिला कोणी विचारलं नाही, आणि तिनेही तेव्हा तोंड उघडलं नाही. याला चार वर्षं झाली. आता कोराडीच्या वीज केंद्रात ती टायपिस्ट होती, आणि एकोणऐंशीच्या या जानेवारीत पुन्हा एक दार किलकिलं झालं होतं. आज जी पहिली येईल ती पुण्याला जाईल, कर्मचाऱ्यांच्या राज्य स्पर्धेला. दुसरीला नुसत्या टाळ्या.

तीन महिने ती नळ यायच्या आधी उठून कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याने धावली होती. बाळंतपणापासून कमरेत कळ होती ती होतीच. घरी परत आली की नाक शिंकरताना रुमालावर काळं येई.

प्राथमिक फेरीत ती दुसरी आली. पुढे होती प्रयोगशाळेतली भागीरथा, एकोणीस वर्षांची, हरणासारखी. दोघी अंतिम फेरीत गेल्या. अंतिम फेरी अकराला होती, पण ती प्रमुख पाहुण्यांसमोरच व्हायला हवी होती. साहेब शहरातून 'निघाले' होते. साडेअकरालाही ते निघालेलेच होते. अंग गार पडू नये म्हणून गोपिका मैदानाला दोन चकरा मारून आली.

नवरा पहिल्या पाळीला, म्हणून लेक तारा सासूच्या मांडीवर होती. ताराने भोंगा पसरला.

"द्या आई, पाजते."

"आत्ता?" प्रयागबाईंनी नातीला छातीशी आवळलं. "आत्ता तं धावून आली ना वं तू! दूध तापलं असन. गरम दूध पाजून लेकराले हगवण लावतं का?"

"चुलीवर ठेवलंय का ते तापायला?"

"तू शिकेल आहे, पण चार लेकरं म्या वाढवली. अर्धा घंटा सावलीत बस. थंडी हो."

असं काही नसतं, हे गोपिकाला ठाऊक होतं. बालसंगोपनाचं पुस्तक तिने दोनदा वाचलं होतं. तरी गेल्या आठवड्यात ताराचं पोट बिघडलं, तेव्हा आदल्या दिवशी आपण किती धावलो होतो, हे तिने गुपचूप आठवून पाहिलं होतं. सासूपेक्षा जास्त राग तिला स्वतःच्या त्या आठवण्याचा होता.

तर ती मंडपाच्या सावलीत बसली. लेकरू रडतंय, सासू "झालंच, झालंच" म्हणत थोपटतेय, लाउडस्पीकर "साहेब कोणत्याही क्षणी येतील" म्हणतोय. अखेर अर्धा तास संपला. अंगातल्या नवऱ्याच्या बुशशर्टाची बटणं सोडून तिने ताराला छातीशी घेतलं. प्रयागबाईंनी आपली ओढणीसारखी विरलेली जुनी शाल दोघींवर टाकली. आणि तेवढ्यात जीप आली.

"महिला शंभर मीटर, अंतिम! ताबडतोब!" महादेवराव धावत आले. "वहिनी, चला. साहेबांना साडेबाराला जेवायला जायचं आहे."

"दोन मिनिटं थांबा."

"साहेब थांबले आहेत! नाही तर तुमची तिसरी लेन रिकामी ठेवून शर्यत सोडतो."

गोपिकाने ताराच्या ओठांत बोट घालून तिला सोडवायला पाहिलं. ताराने नव्या दोन दातांनी कडकडून चावा घेतला. शालीखाली गोपिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मान वर केली तर शेजारी प्रयागबाई नव्हत्या. त्या मैदानात होत्या. नऊवारीचा काचा सावरत, चुन्याच्या फक्कीच्या रेघा ओलांडत त्या तिसऱ्या लेनमध्ये गेल्या आणि मधोमध मांडी घालून बसल्या.

"आजी, उठा!" महादेवराव ओरडले.

"काहून उठू? साहेबासाठी घंटाभर सारे बसले. आता माह्या नातीसाठी बसा न थोडं. अर्धपोटी नाई उठणार ते."

"आजी, असं नियमात नाही!"

"मंग नियम आणून दाखवा मले. वाचून सांगाले माही सून आहे, बी.ए. झाली."

मंडपात हशा पिकला. साहेबांनी काय प्रकार आहे ते विचारलं, ऐकलं आणि हात हलवला. पिऊ द्या म्हणाले. चारशे माणसं एका बाळाचं पोट भरायची वाट पाहू लागली. गोपिकाला वाटलं, यापेक्षा लिंबू-चमचा बरा होता. तारा मात्र निवांत. मध्येच तोंड बाजूला करून तिने शालीबाहेर एक नजर टाकली आणि पुन्हा प्यायला लागली.

ती झोपली तेव्हाच प्रयागबाई उठल्या आणि तिला घेऊन मंडपात गेल्या.

"ऑन युअर मार्क!"

गोपिका वाकली, तेव्हा तिच्या अंगात फक्त संताप होता. मुहूर्ताचा, त्या 'सौ.'चा, जीपचा, सासूचा. शिट्टी झाली. तीस मीटरला भागीरथा हातभर पुढे. पन्नासला कमरेतली कळ उठली. गोपिकाने दात आवळले. साठच्या पुढे भागीरथेचे खांदे वर यायला लागले, पोरगी दमत होती; कॉलेजात शिकलेल्या डोळ्यांना हे अजून ओळखता येत होतं. गोपिका खांदे खाली ठेवून धावली. लोकरीची दोरी तिच्या छातीवर तुटली.

श्वास सापडेपर्यंत ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. भागीरथा येऊन म्हणाली, "ताई, तुमच्या सासूबाईंमुळे माझे पाय गार पडले हो!"

महादेवराव वही घेऊन आले. "अभिनंदन वहिनी! शनिवारी गाडी. बाळाला आजीकडे ठेवालच."

गोपिकाचा चेहरा उतरला. तीन महिने तिने हाच विचार पुढे ढकलला होता.

"आजीकडे काहून?" झोपलेल्या ताराला खांद्यावर घेऊन प्रयागबाई पुढे आल्या. "आम्ही दोघी येऊन राहिलो ना संगं. तीन जागा लिहा."

"आई, तिथे तुम्ही प्रेक्षकांत बसाल," गोपिका धापा टाकतच म्हणाली. "शपथ घ्या."

"घेतो ना," प्रयागबाई म्हणाल्या. "पण तिथला साहेब उशिरा आला, तं मंग मले म्हणू नको."